माउस स्वस्त आहे, मग कीबोर्डचा आग्रह कशाला?

पांढरंसोनं, दर्यापूर:
‘दोनशे रुपयांत माउस मिळतो, संकेतस्थळांची पाने नुसत्या कीबोर्डवरही चालावीत हा शहरी चोचला आहे,’ असे परवा येथे लिहिले गेले. ते वाचून गप्प राहवले नाही. मळणीयंत्रात माझ्या उजव्या हाताची बोटे गेली. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, स्पेसने चौकटीत खूण आणि एंटरने दुवा उघडणे, एवढ्यावर मी गावाचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. काल एका अर्जात टॅब दाबत गेलो, तर आपण कोणत्या रकान्यात आहोत हे दाखवणारी कडच दिसेना. अंदाजाने एंटर दाबला आणि भरलेले सारे पुसले गेले.

वणीकर:
भाऊ, आपल्या हाताचे ऐकून वाईट वाटले. पण परवाचे ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. आमच्याकडचा शेतकरी सातबारा मोबाईलवर पाहतो, तेथे टॅबची कळच नसते. आधी त्याचे पाहा.

खडूफळा:
ज्याला दिसतच नाही, त्याने माउसचा बाण न्यावा कुठे? माझा एक विद्यार्थी एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून, ऐकत ऐकत कीबोर्डवर काम करतो. दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा आहे. चोचला म्हणताना लाज वाटायला हवी होती. आणि अर्जात जन्मतारखेसाठी उघडणाऱ्या कॅलेंडरचे काय? तारीख लिहू देत नाही. 1951 गाठण्यासाठी एकेक महिना मागे जायचे, तेही माउसनेच. टॅब आत शिरला की तिथेच गरगरत राहतो, एस्केपनेही सुटत नाही.

पळसफूल:
मी पाने बनवते. वेब सुलभतेच्या निकषांत 2.1.2 आहे तो याच सापळ्याविरुद्ध. खऱ्या बटणावर टॅब आपोआप थांबतो. साध्या डिव्हला, म्हणजे पानावरच्या नुसत्या चौकटीला, रंगवून बटण केले की माउस चालतो, टॅब त्याला ओलांडून जातो. कड तर सीएसएसच्या, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या, एका ओळीने जाते, कारण ती ‘बरी दिसत नाही’ असे ग्राहक म्हणतो. तारखेला दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने पुरतात, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कॅलेंडरच मागितले जाते.

वणीकर:
गुरुजी, लाज काढण्याची गरज नव्हती. रात्री माउस काढून वडिलांचा अर्ज भरायला बसलो आणि जन्मतारखेपाशी अडकलो. शेवटी माउस पुन्हा जोडावा लागला. कॅलेंडरपुरते आपले म्हणणे मान्य. मोबाईलचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.