प्रति: आयुष्यावरून केंद्रकाचा आकार

भावा, वर तू लिहिलंयस की उत्तेजित पातळी (जादा ऊर्जा असलेली केंद्रकाची अवस्था) जास्त वेळ टिकली म्हणजे केंद्रक गोल. एवढं सोपं नाही, मध्ये ऊर्जेचा पाचवा घात येतो: पातळीची ऊर्जा जितकी जास्त, तितकी ती त्या घातानं लवकर गॅमा किरण टाकून खाली येते.

सॅमेरियमच घे. 152 या समस्थानिकाची पहिली पातळी 122 केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), अर्धायुष्य 1.4 नॅनोसेकंद. 148 ची 550 वर, अर्धायुष्य जेमतेम 8 पिकोसेकंद. तुझ्या हिशेबानं 152 गोल ठरेल! पण ऊर्जेतला साडेचारपट फरक पाचव्या घातानं 1,800 पटींवर जातो. तो बाजूला काढला, गॅमाऐवजी इलेक्ट्रॉन फेकून होणारा ऱ्हासही धरला, की 152 चं संक्रमणच (पातळीवरून खाली येणं) पाचएक पट बळकट निघतं, आणि संक्रमण जितकं बळकट तितकं केंद्रक जास्त ताणलेलं. म्हणजे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल 148 च्या जवळचा, 152 रग्बीच्या चेंडूसारखं. (युरोपियम-152 च्या ऱ्हासातून सॅमेरियम-152 बनतं, म्हणून त्याचा स्रोत लावून डिटेक्टर कॅलिब्रेट करणाऱ्या इथल्या एम.एस्सी.च्या पोरांना ही 122 ची ठसठशीत रेषा पाठ असते.)

आणि पिकोसेकंद घड्याळानं मोजत नाहीत. लक्ष्यातून उडालेलं केंद्रक समोरच्या धातूच्या पत्र्यात थांबतं. मधलं अंतर मायक्रोमीटरनं बदलत उडताना सुटलेल्या, म्हणून डॉप्लरनं सरकलेल्या, आणि थांबल्यावर सुटलेल्या, न सरकलेल्या गॅमा रेषेचं प्रमाण बघायचं. त्यातून आयुष्य, आणि आयुष्यावरून केंद्रक किती ताणलंय ते कळतं. लांबट की चपटं, ते मात्र नुसत्या आयुष्यावरून नाही.