एचेव्हेरियाचं (मांसल पानांचं सक्युलंट) खोड आतून काळं पडतंय, फ्युझॅरियम बुरशी आहे का?

नमस्कार मंडळी, जरा लवकर मदत हवी आहे.

ऐरोलीत चौथ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे. पावसाची झड कुंड्यांपर्यंत येत नाही, पण हवा सतत दमट आणि ऊन दुपारनंतरच, तेही ढग नसतील तर.

एचेव्हेरियाची खालची पानं आधी पाणीदार, अर्धपारदर्शक झाली. बोट लागलं की गळून पडतात. शेंडा कापला तर खोडात तपकिरी-काळं वर्तुळ, बाहेरची कड मात्र हिरवीगार. घाण वास नाही, म्हणून जिवाणूंची सड नसावी. मुळांशी मिलीबगही (पांढरी, रस शोषणारी कीड) दिसला नाही. शेजारचे हावर्थिया आणि जेड, हेही सक्युलंटच, ठणठणीत आहेत.

मातीच्या कुंड्या, मिश्रणात परलाइट आणि विटांचा चुरा जास्त, कोकोपीट नावाला. पाऊस लागल्यापासून पाणी जवळपास बंद. आजारी रोपं वेगळी ठेवली, कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची लिटरला 2 ग्रॅम प्रमाणात आळवणी केली (द्रावण मुळाशी ओतलं), दर कापाआधी ब्लेड स्पिरिटने पुसतो. तरी काळेपणा वर सरकतोच आहे.

कार्बेन्डाझिम पिथियम, फायटोप्थोरा या मुळं-खोड सडवणाऱ्या बुरशीसदृश जीवांवर चालत नाही आणि मॅन्कोझेब झाडात शोषलं जात नाही, एवढं माहीत आहे. घरात रांगतं बाळ असल्याने फवारणी नको, आळवणी चालेल.

वर्तुळाकार डाग म्हणजे फ्युझॅरियमच धरायचं, की पिथियम-फायटोप्थोरावर चालणारं मेटालॅक्सिल देऊन बघावं? आणि डाग नसलेला शेंडा मिळालाच, तर या दमट हवेत त्याचा काप सुकवायचा कसा?