नफा दिसतो, मग गल्ला रिकामा कसा?

'नफा झाला म्हणजे तेवढी रोकड हातात हवीच ना?' हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. बारावी कॉमर्सची बरीच मुलं इथेच अडतात.

आपल्या रावेरकडचंच उदाहरण घ्या. व्यापाऱ्याने मार्चमध्ये 5 लाखांची केळी रोखीने घेतली आणि दिल्लीच्या पार्टीला 6 लाखांना उधारीवर विकली. भाडं-मजुरी तूर्त बाजूला ठेवू. 31 मार्चला नफा 1 लाख, पण रोकड मात्र 5 लाखांनी कमी! कारण विक्रीची नोंद माल दिला त्या दिवशीच होते : पार्टी नावे (डेबिट) 6 लाख, विक्री जमा (क्रेडिट) 6 लाख. ताळेबंदात ते 6 लाख 'येणे' म्हणून संपत्तीच्या बाजूला बसतात. एप्रिलमध्ये पैसे आले की बँक नावे, पार्टी जमा. तेव्हा नफा पुन्हा मोजायचा नाही. पैसे कधी आले हे न बघता व्यवहार झाला तेव्हाच नोंद करायच्या या पद्धतीला उपार्जित पद्धत म्हणतात. कंपन्यांना तर 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 128 नुसार ती सक्तीचीच आहे.

पार्टीने पैसे बुडवले तर? मग ती रक्कम बुडीत कर्ज म्हणून खर्चात जाते आणि तेव्हा नफ्याला खरा फटका बसतो. म्हणून नफा-तोटा पत्रकासोबत येणेकऱ्यांची (ज्यांच्याकडून पैसे यायचे आहेत त्यांची) यादीही वाचायची सवय आतापासूनच लावा, ही कळकळीची विनंती.