टायपिंग क्लासवाले म्हणे 'बदलायला तयारच नव्हते'!

शिफ्ट_की (धागाकर्ती)
काल सरकारी भरतीच्या धाग्यात रोखठोक यांनी पिंक टाकली: "टायपिंग इन्स्टिट्यूटवाले जुनी खटारी कवटाळून बसले, संगणक आला तेव्हा नुसती मुदतवाढ मागत राहिले, आता बंद पडल्यावर सरकारच्या नावानं बोंब मारतात. बदलायची तयारी नव्हती तर शटर ओढायचं." उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा.

माझ्या बाबांची इन्स्टिट्यूट होती, तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर. गोदरेजची मशीन. एकदा घेतलं की पिढी निघायची. खर्च काय, तर रिबन, थोडं तेल, अधूनमधून मेकॅनिक. लाइट गेली तरी बॅच चालू. 2013 मध्ये जीआर निघाला की मॅन्युअल बंद, आता संगणक टंकलेखन, म्हणजे जीसीसी-टीबीसी नावाची नवी सरकारी परीक्षा. म्हणजे संगणक घ्या, इन्व्हर्टर घ्या, नेट घ्या, मराठीचं सॉफ्टवेअर घ्या. आणि ज्यांनी आयुष्यभर 'एएसडीएफजीएफ' घोकून घेतलं त्यांनी पन्नाशीनंतर ईमेल, तक्ता आणि संगणकाचे वस्तुनिष्ठ प्रश्न शिकवायचे. बाबा रात्री माऊस धरायला शिकत होते, माझ्या धाकट्या भावाकडून. त्यांना शिकवायला दुसरं कोणी आलं नाही.

राहता राहिली जुन्या मॅन्युअल परीक्षेला मिळत गेलेली मुदतवाढ. तिनेच तर वाट लावली. जुनी परीक्षा चालू आहे तोवर पोरं जुन्यालाच नाव घालणार, कारण तिथे कसं पास व्हायचं हे ठाऊक. मग संगणकावर पैसे कोण आणि कशाच्या जोरावर घालणार? 'अजून एक वाढ मिळेल' या आशेवर सगळे बसले आणि ऑगस्ट 2017 ला शेवटची मॅन्युअल परीक्षा होऊन खेळ खलास. तारीख आधीच पक्की केली असती, शिक्षकांना चार दिवस बसवून शिकवलं असतं, संगणकाच्या कर्जाचं व्याज थोडं सोसलं असतं, तर निम्मे तरी तगले असते. एवढंच म्हणणं आहे.

रोखठोक
ताई, भावना पोचल्या. पण गोदरेजनेच 2009 मध्ये टाइपरायटर बनवणं थांबवलं. शिरवळचा कारखाना तुमच्यापासून काही लांब नाही. बनवणाऱ्याला कळलं, शिकवणाऱ्याला चार वर्षांनी जीआर निघेपर्यंत कळलं नाही? आमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याने फोटो स्टुडिओ बंद करून झेरॉक्स टाकलं, त्याला कोणी व्याज सोसलं नाही.

आणि सगळ्या इन्स्टिट्यूट म्हणजे विद्येची मंदिरं असं चित्र नको. मी स्वतः ज्या क्लासात नाव घातलं होतं तिथे फी भरली की 'परीक्षेचं आम्ही बघू' असं मालक तोंडावर सांगायचा. माझ्या शेजारच्या खुर्चीवर परीक्षेला जो बसला होता तो फोटोतला नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

भाऊसाहेब_निवृत्त
आम्ही स्टेन्सिल कापायचो. चूक झाली की लाल रंगाचं फ्लुइड लावा, फुंकर मारा, वाळू द्या, मग परत अक्षर. त्यामुळे चूक करायची भीती होती. हल्लीचे लिपिक दोन बोटांनी कोंबडी दाणे टिपते तसं टायपतात आणि 'सर, फाँट उडाला' म्हणतात. मिनिटाला 30 शब्दांचं सर्टिफिकेट खिशात, प्रत्यक्षात 10 निघत नाहीत. याचं मूळ रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची जुनी अक्षरमांडणी, सोडलं यात आहे.

अर्धा_र
भाऊसाहेब, मूळ रेमिंग्टन *सोडलं नाही* यात आहे! मशीन गेलं पण मशीनचा की-बोर्ड संगणकावर आणून बसवला. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, का? तर टाइपरायटरचा गाडा पुढे सरकायचा म्हणून. संगणकाला कसला गाडा? शासन स्वतःच युनिकोड वापरा म्हणून परिपत्रकं काढतं, इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची की-बोर्ड मांडणी 1991 पासून भारतीय मानकात आहे, आणि क्लासात पोरं आजही बहुतेक रेमिंग्टनवरच घासतात. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'क' कुठे, तर के वर. 'दुसऱ्या'मधला ऱ्या इंग्रजी अक्षरांनी मराठी टायपणाऱ्या फोनेटिकवाल्यांना जन्मात जमत नाही. इथे शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई, संपलं.

भाऊसाहेब_निवृत्त
चाळीस वर्षं ज्या बोटांना वळण लागलं ती तुमच्या मानकासाठी कापून द्यायची का?

अर्धा_र
बोटं तुमची, पण शिकतो आहे विशीतला पोरगा. त्याच्या बोटांना तुमचं वळण कशाला?

मंजिरी_एमपीएससी
मी तो 'विशीतला पोरगा', फक्त पोरगी आहे. क्लासात रेमिंग्टन शिकले कारण सरांना तेच येतं. मोबाइलवर फोनेटिक, कारण मैत्रिणींशी बोलायचं असतं. परीक्षेच्या भीतीनं इनस्क्रिप्टही बघून ठेवलं. आता तिन्ही येतात आणि घाईत तिन्ही एकमेकांत मिसळतात. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 चं प्रमाणपत्र, शिवाय लोकसेवा आयोगाची वेगळी टायपिंग चाचणी, शिवाय संगणकाचं एमएस-सीआयटी. एकाच कामासाठी तीन परीक्षा. यावर कोणी धागा काढेल का?

रोखठोक
हेच म्हणतोय. आयोगाला स्वतःची चाचणी का घ्यावी लागली? कारण तुमच्या सर्टिफिकेटवर त्यांचाच विश्वास उरला नाही. आणि टायपिंगची परीक्षा घेणारी राज्य परीक्षा परिषद कोणती? 2021 च्या डिसेंबरात टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात जिच्या आयुक्तांना पुणे पोलिसांनी अटक केली तीच.

शिफ्ट_की
आयुक्त अटकेत गेले म्हणून तालुक्यातला म्हातारा मास्तर चोर? वा! बाबांनी एकाही पोराच्या जागी दुसरा बसवला नाही, म्हणून तर शेजारच्या क्लासात गर्दी आणि आमच्याकडे माशा. तुम्ही त्या 'आम्ही बघू'वाल्याकडेच नाव घातलंत ना? का घातलंत, तेही सांगा की.

रोखठोक
वैयक्तिक होऊ नका. जवळ होतं म्हणून.

शिफ्ट_की
असणारच!!

नाशिककर_मावशी
भांडा पण मुद्द्यावर या. मी दहावीनंतर शिकू दिलं नाही म्हणून टायपिंगला गेले. घरून परवानगी मिळाली ती एवढ्यासाठी की तिथे बायका असतात आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी येता येतं. त्या 40 च्या सर्टिफिकेटवर सहकारी बँकेत लागले, त्यावर दोन मुलं शिकवली. कॉम्प्युटर क्लास गावात होते, पण तिथली फी आणि तिथलं वातावरण आमच्यासारख्यांना परवडणारं नव्हतं. असा क्लास बंद पडतो तेव्हा नुसतं दुकान बंद पडत नाही, त्या पोरींचं बाहेर पडण्याचं निमित्त जातं. रोखठोक, तुमच्या झेरॉक्सवाल्याकडे हे मिळत नाही.

अर्धा_र
मावशी, मान्य. पण तुम्ही जे शिकलात तेही इंग्रजी. मराठी की-बोर्डचा गोंधळ तुम्हाला लागलाच नाही.

नाशिककर_मावशी
अरे बाबा, तुझ्या की-बोर्डला नमस्कार!

संपादक_मंडळ
की-बोर्डसाठी वेगळा धागा काढा. इथले पुढचे तसले प्रतिसाद उडतील.

भाऊसाहेब_निवृत्त
उडवा. तुमच्या मंडळातही कोणी रेमिंग्टनवाला दिसत नाही.

रोखठोक
मावशींच्या प्रतिसादावर माझ्याकडे उत्तर नाही, ते तसंच राहू दे. मुदतवाढीबद्दल मात्र शिफ्ट_की यांचं म्हणणं पटलं, आणि नाइलाजाने लिहितोय. जुनी परीक्षा चालू ठेवून नवी सुरू केली की शहाणा माणूस जुन्यालाच धरून बसतो. मीही बसलो असतो. पण व्याजाचं ओझं सरकारने का घ्यावं हे अजून कळलं नाही. उद्या कोर्टाबाहेरचे टायपिस्टही मागतील.

शिफ्ट_की
मागू देत. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टला सरकारने मान्यता देऊन, तपासणी करून, 'इतकी मशीन ठेवलीच पाहिजेत' असं सांगितलेलं नसतं. आम्हाला सांगितलेलं होतं. नियम घालताना तुम्ही मालक आणि नियम बदलताना आम्ही स्वतंत्र व्यावसायिक, असं कसं चालेल? बाबांची मशीन भंगारवाल्याने किलोवर नेली. त्याने कॅरेजची दांडी काढून वेगळी वजन केली, ती चांगल्या लोखंडाची म्हणून.

मंजिरी_एमपीएससी
ताई, तुमच्या बाबांकडे इंग्रजी 40 ची जुनी पॅसेजची पुस्तकं शिल्लक आहेत का? आमच्या क्लासात एकच आहे आणि तेही अर्धं फाटलेलं. व्यनि (खाजगी निरोप) करते.

अर्धा_र
मंजिरी, पॅसेज इनस्क्रिप्टवर...

*(प्रतिसाद संपादित)*