काचेला चिकटलेला जुना लग्नाचा फोटो: स्कॅन आणि दुरुस्ती कशी करावी?

तसबीर
कृष्णधवल स्टुडिओ फोटो, ६ बाय ८ इंच, तसबिरीत. एक कोपरा काचेला चिकटलाय. नवरदेवाच्या गालावरून कोटाच्या कॉलरपर्यंत चीर, खालच्या बाजूला हळदीचे डाग, आणि तिरका धरला की काळ्या कोटावर निळसर चंदेरी चकाकी दिसते. गिंप (फोटो दुरुस्तीचा मोफत प्रोग्रॅम) येतं, फोटोशॉप नाही. काच काढून स्कॅन करावा का?

चांदीचा_कण
काच ओढू नका! दमट हवेत जिलेटिनचा थर (कागदावरचा, चित्र ज्यात असतं तो) फुगून काचेला धरतो. ओढलीत तर चित्र काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. काचेची बाहेरची बाजू जेमतेम ओलसर फडक्याने पुसा. फवारा मारला तर पाणी कडेने आत उतरतं. फोटोवर कुठे बुरशी असेल तर तिथेही ओला बोळा नको: बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं.

काचेसकटच स्कॅन करा, पण सीसीडी स्कॅनरवर (उदा. एप्सन व्ही६००). सीसीडी आणि सीआयएस हे स्कॅनरच्या सेन्सरचे दोन प्रकार. कॅनन लाइडसारख्या चपट्या सीआयएस स्कॅनरची फोकसची खोली (किती अंतरापर्यंत स्पष्ट दिसतं ती) फार कमी असते, २ मिमी काचेमागचा फोटो धूसर येतो. ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके), ४८ बिट रंगीत, टिफ फाइल. फाइल साधारण १०० एमबी होईल. शार्पनिंग आणि धूळ काढण्याचे पर्याय बंद. कृष्णधवल आहे म्हणून ‘ग्रे’मध्ये स्कॅन केलात तर डाग काढायचा सर्वांत सोपा मार्ग तिथेच बंद होतो.

तीन_चॅनेल
तो मार्ग असा: गिंपच्या मेनूत कलर्स, कंपोनंट्स, डिकंपोज, मग आरजीबी. चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल सुटे होतात. हळद निळा प्रकाश शोषते, त्यामुळे डाग निळ्या चॅनेलमध्ये काळाकुट्ट दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये जवळपास नाहीसा होतो. लाल चॅनेल घेऊनच पुढचं काम करा. (निळ्या शाईचा शिक्का असता तर उलट, निळं चॅनेल.)

चिरेसाठी लेयरची नक्कल करून १०० टक्के झूमवर काम. ब्रश चिरेच्या दीडपट रुंद. हील टूल आजूबाजूची छटा जुळवून घेतं. म्हणून गाल आणि काळी कॉलर जिथे भेटतात तिथे ते काळेपणा गालावर ओढतं. त्या कडेवर आधी क्लोन टूल (नमुना जसाच्या तसा उतरवतं), कठीण कडेचा ब्रश. सपाट भागावर नंतर हील. नमुना त्याच गालावरून, त्याच उजेडातला घ्या आणि दर चार-पाच फटकाऱ्यांनी बदला, नाहीतर एकच ठिपका रांगेने उमटलेला दिसतो.

डिस्पेकल (ठिपके पुसणारा फिल्टर) पूर्ण चित्रावर चालवू नका. फिल्टरला मुंडावळ्यांचे मणी, नथीचे मोती, डोळ्यांतली चमक ही सगळी धूळच वाटते. पार्श्वभूमी निवडून तेवढ्यावरच चालवा. दुरुस्त केलेला भाग प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसला तर त्यावर किंचित नॉइज (बारीक दाणे) घाला. लेव्हल्स (उजळ-गडदपणा बसवणं) अगदी शेवटी, आणि शालूच्या घड्या पांढऱ्यात बुडणार नाहीत इतपतच.

चांदीचा_कण
चकाकीचं राहिलं. कृष्णधवल चित्र ज्यांचं बनलेलं असतं ते चांदीचे कण ऑक्सिडीकरणाने पृष्ठभागावर येऊन तिथे पुन्हा धातू होतात, ती ही झाक. स्कॅनमध्ये कोट राखाडी आला तर कॅमेऱ्याने काढा: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, दिव्यांपुढे पोलरायझिंग फिल्म (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी; दोन्हींची दिशा एकच), लेन्सवर तसाच पोलरायझर फिल्टर. चकाकी मरेपर्यंत लेन्सवरचा फिरवा. काचेवरचं दिव्यांचं प्रतिबिंबही त्यानेच जातं. माझ्या मते तुमच्या फोटोला हाच मार्ग जास्त चांगला.

तसबीर
चेहऱ्यासाठी एआय?

तीन_चॅनेल
नको. जीएफपीगॅन, कोडफॉर्मर ही चेहरे सुधारणारी एआय साधनं पुसट चेहरा दुरुस्त करत नाहीत, हजारो चेहरे पाहून शिकलेला एक नवा चेहरा बसवतात. भुवया, ओठांची कड बदलते, आणि घरच्यांना ‘हे आजोबा नाहीत’ असं वाटतं. ६०० डीपीआयला तुमच्याकडे चेहऱ्याच्या रुंदीतच शेकडो पिक्सेल आहेत. एआयची गरजही नाही. वापरायचंच ठरवलं तर कोडफॉर्मरमधला निष्ठेचा (मूळ चेहऱ्याशी किती इमान राखायचं त्याचा) आकडा १ च्या जवळ ठेवा.

मूळ टिफला हात लावू नका, काम एक्ससीएफमध्ये (गिंपच्या स्वतःच्या फाइलमध्ये) साठवा. भिंतीवर ३०० पीपीआयची (दर इंचाला ३०० पिक्सेल) नवी प्रिंट लावा, काच आणि प्रिंट यांच्यात माउंट (मध्ये कापलेली पुठ्ठ्याची चौकट) घालून. मूळ फोटो काचेसकट कोरड्या कपाटात, आडवा.