जुन्या फर्ग्युसनचे इग्निशन: गरम झाल्यावर मिस मारतो आणि हँडल उलटे फिरते

प्रश्न (वाळवा तालुका)

नमस्कार. आमच्याकडे आजोबांनी घेतलेला फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर आहे, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचा. उसाची कामे आता डिझेल ट्रॅक्टर करतो, पण शेणखताच्या ट्रॉलीला आजही हाच जुंपतो आणि तो बंद पडू नये अशी घरातल्या सर्वांची इच्छा आहे. दोन महिन्यांपूर्वी १२ व्होल्टची बॅटरी बदलताना वायरमनने नवी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) आणि नवे पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) बसवले व अर्थिंग, म्हणजे ट्रॅक्टरच्या सांगाड्याची जोडणी, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला घेतले. तेव्हापासून सकाळी तो लगेच सुरू होतो, पण अर्ध्या तासात मिस मारू (ठिणगी चुकून अडखळू) लागतो, मग बंद पडतो आणि तासभर थांबल्यावरच पुन्हा चालतो. कॉइल हात लाववत नाही इतकी तापते, पॉइंट काळे पडले आहेत, आणि हँडल (इंजिन हाताने सुरू करायचा दांडा) मारताना कधी कधी उलटा झटका बसतो. तपासणी कोठून सुरू करावी?

उत्तर १ (कराड)

कॉइलपासून करा. तिच्या दोन्ही वायरी काढून मीटरने रोध मोजा. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलचा रोध साधारण ३ ओहम असतो, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना ४ अँपिअर प्रवाह वाहतो. रोध १.५ ओहमच्या आसपास आला, तर ती बॅलास्ट रेझिस्टरसह (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या वेगळ्या रोधासह) वापरायची किंवा ६ व्होल्टची कॉइल आहे. रेझिस्टरशिवाय ती ८ अँपिअर ओढते आणि कॉइल तापणे व पॉइंट जळणे दोन्ही त्यातूनच होते. काळ्या पॉइंटांमागे कंडेन्सरही (पॉइंट उघडताना त्यांच्यात पडणारी ठिणगी रोखणारा भाग) असू शकतो, म्हणून तोही बदलावा.

हा ट्रॅक्टर मुळात पॉझिटिव्ह अर्थचा आहे. आता अर्थिंग निगेटिव्ह असल्यामुळे कॉइलचे अधिक चिन्हाचे टोक किल्लीकडून येणाऱ्या वायरीला आणि उणे चिन्हाचे टोक डिस्ट्रीब्युटरला (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट यातच असतात) जोडलेले हवे. उलट जोडले तरी ठिणगी पडते, पण अशक्त पडते, आणि त्यामुळेच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. अर्थ बदलल्यावर डायनॅमोचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) ध्रुवीकरणही, म्हणजे त्याचे अधिक-उणे बॅटरीशी जुळवणे, नव्याने करावे लागते. ते केले होते का, हे वायरमनला अवश्य विचारा.

उत्तर २ (तासगाव)

उलट्या झटक्याचे कारण बहुधा नव्या पॉइंटांतच आहे. पॉइंटचा गॅप (उघडल्यावरची फट) जास्त ठेवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते, म्हणून आधी गॅप आणि मगच टायमिंग, हा क्रम मोडू नये. या इंजिनाला पॉइंटचा गॅप ०.०१० ते ०.०१२ इंच लागतो. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावण्यापूर्वी डिस्ट्रीब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा; बुश (शाफ्टला धरून ठेवणारी नळी) झिजलेले असेल तर आज बसवलेला गॅप उद्या राहणार नाही.

त्यानंतर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन हळूहळू फिरवा. अंगठ्यावर दाब आला की पिस्टन कॉम्प्रेशनवर वर येत आहे असे समजून टायमिंगच्या खुणेपर्यंत या. खूण ओलांडली तर बरेच मागे जाऊन पुन्हा चालत्या दिशेनेच यावे, नाहीतर गिअरमधली ढिलाई फसवते. आता १२ व्होल्टचा लहान बल्ब कॉइलच्या डिस्ट्रीब्युटरकडील टोकाला आणि अर्थला लावा, किल्ली चालू करा आणि क्लॅम्प ढिला करून डिस्ट्रीब्युटर थोडा थोडा फिरवा. बल्ब ज्या क्षणी पेटतो त्या क्षणी पॉइंट उघडतात. तेथेच क्लॅम्प आवळा आणि किल्ली लगेच बंद करा. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने, रोटर (डिस्ट्रीब्युटरमधला फिरता भाग) ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने लावलेल्या आहेत ना, हेही पाहून घ्या.

हे सर्व होईपर्यंत कृपया हँडल मारू नका. मारावेच लागले तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. तो दांड्याभोवती वळवलेला असताना झटका बसला तर मनगट मोडते.

उत्तर ३ (पाटण)

आमच्याकडच्या पावसात डिस्ट्रीब्युटरच्या कॅपला आतून ओल धरते आणि केसासारखी तडा गेलेली रेघ करंट खाते. कॅप पुसून उजेडात पाहा.

प्रश्नकर्ता (वाळवा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. कॉइल १.६ ओहमची निघाली आणि तिची टोकेही उलटी जोडलेली होती. ३ ओहमची कॉइल आणि नवा कंडेन्सर आणून, गॅप ०.०१२ इंचावर ठेवून बल्बने टायमिंग लावले. काल सलग अडीच तास ट्रॉली ओढली, एकदाही मिस मारला नाही, आणि झटकाही बंद झाला आहे. डायनॅमोचे ध्रुवीकरण मात्र राहिलेच होते. ते उद्या करून घेणार आहे, आणि बॅटरीच्या पेटीवर ‘निगेटिव्ह अर्थ’ असे रंगाने लिहून ठेवणार आहे.