‘रूपांतर’ की नुसतं स्थलांतर?

लिनक्सवरच्या मल्टिमीडियाचं एक जुनं पुस्तक अद्ययावत करतोय. (अद्य + यावत्, म्हणजे ‘आजपर्यंत’. जुन्या प्रतीत पानोपानी ‘अद्यावत’ आहे, ‘मुक्तस्त्रोत’ही आहे. ‘स्रोत’मध्ये ‘त’ एकदाच.) मजकुरातले बदल सरळ आहेत. एमपी३ची पेटंटं २०१७ साली संपली, म्हणून परवान्याचा अख्खा परिच्छेद उडवला. आवाज हाताळणाऱ्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलं. गाडी अडलीय ती ‘रूपांतर’ या शब्दापाशी.

पुस्तकात एमकेव्हीची एमपी४ करणं (म्हणजे कंटेनर, चित्र-आवाज एकत्र ठेवणारी फाइल, बदलणं) हेही रूपांतर आणि एच.२६४चं एव्ही१ करणं (म्हणजे कोडेक, चित्र दाबून साठवायची पद्धत, बदलणं) हेही रूपांतरच. वाचणारा एफएफएमपेग या आज्ञेला नुसती फाइलची दोन नावं देतो आणि सिनेमा पहिल्या फ्रेमपासून पुन्हा एन्कोड होत (नव्याने दाबला जात) बसतो. ‘-सी कॉपी’ (आहे तसंच उतरव) जोडलं असतं तर काम काही सेकंदांत झालं असतं, दर्जाही तसूभर घटला नसता. या दोन क्रियांना वेगळे शब्द काय द्यावेत?

↳ रूपांतर म्हणजे दुसरं रूप. देशांतर, भाषांतर यांत आहे तोच ‘अंतर’. एव्ही१ करताना रूप खरंच पालटतं. एमकेव्हीतून एमपी४त जाताना चित्र-आवाज जसेच्या तसे राहतात, फक्त घर बदलतं. ते स्थलांतर. कंटेनरला ‘डबा’ म्हणा.

↳ डबा नको! सिनेमाच्या पुस्तकात डबा म्हटलं की पडलेले सिनेमेच आठवतात. ‘वेष्टन’ही अपुरं, कारण ते एका वस्तूभोवती असतं. एमकेव्हीत एक चित्र, दोन-तीन भाषांचे आवाज, वर उपशीर्षकं. हे गाठोडं झालं. शिवाय गाठोड्याबरोबर क्रियापदं आयती मिळतात. डीमक्स करणं म्हणजे गाठोडं सोडणं, मक्स करणं म्हणजे बांधणं. ‘विबहुसंकलन’ वगैरे घडवत बसायला नको.

↳ कोडेकला मात्र हात लावू नका. ‘संकेतक’ म्हटलं की कोडर तेवढा उरतो, डिकोडर गळतो. शब्दच मुळी दोघांच्या जोडातून झालाय.

↳ (मूळ प्रश्नकर्ता) सोडणं-बांधणं पटलं. मथळ्यात ‘कंटेनर’च ठेवतो, समजावताना गाठोडं. ‘स्थलांतर’ आवडलं, पण आज्ञावलीच्या पुस्तकात ते सर्व्हर हलवण्यासाठी आधीच अडकलंय. वाक्य असं केलंय: ‘एमकेव्हीचं गाठोडं सोडून तोच ऐवज एमपी४त बांधा, रूपांतर करू नका.’

↳ त्याला एक पुस्ती जोडा. प्रत्येक गाठोड्यात सगळं मावत नाही. वेबएम या कंटेनरमध्ये एच.२६४ चालत नाही, चित्राला व्हीपी८, व्हीपी९ किंवा एव्ही१ हेच कोडेक लागतात. तिथे ‘रूपांतर करा’ असंच लिहावं लागेल.